साडेसात महिन्यांचं बाळ, तीन तासांची चाल आणि तंबूतल्या दोन रात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही परदेशात नोकरीला, जवळ आजी-आजोबा किंवा नातलग कोणी नाही, बाळ साडेसात महिन्यांचं, वजन ८ किलो. बाळ होण्याआधी मोठ्या सुट्टीत डोंगर ठरलेलाच असायचा. आता पुन्हा सुरुवात करायची आहे आणि पहिला बेत तीन तास चालत जाऊन तंबूत दोन रात्री राहण्याचा आहे. बाळाला वाहून न्यायचं कॅरिअर कोणतं घ्यावं, कपडे किती घालावेत आणि हे एवढ्यात करावं का, हे तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालायला जा, हवा बरी असेल तर याच आठवड्यात जा. तंबूतली रात्रही पहिल्या वर्षात जमू शकते. पण सुरुवातच तीन तासांची चाल आणि वर दोन रात्री, अशी करू नका. पहिल्या रात्री काही बिनसलं तर तुम्ही अंधारात, पाठीवर झोपमोड झालेलं बाळ घेऊन, गाडीपासून तीन तासांवर असाल. आणि पहिल्या रात्री काहीतरी बिनसतंच.

लहान मुलांच्या कुटुंबांना डोंगरवाटांवर नेणं हे माझं काम आहे. तयारीच्या बैठकीत जवळजवळ प्रत्येक जोडपं कॅरिअरपासूनच बोलायला सुरुवात करतं. खरी अडचण मात्र दुसरीकडे असते. चढावर तुम्ही चालत असता आणि बाळ बसलेलं असतं. तुमच्या स्नायूंमुळे तुमचं अंग तापतं, बाळाच्या अंगात तशी उष्णता तयार होत नाही. तुम्ही घामाघूम होऊन जॅकेट काढता, नेमकं तेव्हाच पाठीवरचं बाळ गार पडत असतं. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा जास्त, डोकं मोठं, आणि मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब आणणं त्याला जमत नाही. म्हणजे थंडी, भूक, थकवा यांबद्दल तुमचं शरीर जे सांगेल ते बाळाला लागू नसतं. सगळा हिशेब बाळापासून सुरू करायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही दोघंच आहात. एकाचा पाय मुरगळला तर उरलेल्या एकाला बाळही सांभाळायचं आणि मदतही आणायची, हे धरूनच वाट निवडायची.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, हृदयाची किंवा फुप्फुसांची तक्रार असेल, नुकताच कान दुखला असेल किंवा छाती भरली असेल, तर आधी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. बाळ आधाराशिवाय बसतं का, फक्त अंगावर पितं की फॉर्म्युलाही (बाळांचं डब्याचं दूध) घेतं, जाण्याचा महिना कोणता, वाटेवर फोनला रेंज असते का, हे तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

कॅरिअरचं आधी उरकू. दोन प्रकार आहेत: अंगाला बांधायचं कापडी, आणि पाठीवर घ्यायचं दांड्यांच्या चौकटीचं. चौकटीच्या कॅरिअरसाठी मान पूर्ण धरलेली आणि बाळ आधाराशिवाय बसणारं हवं. हे साधारण सहाव्या महिन्यानंतर येतं, पण काही बाळं आठव्या महिन्यातही नीट बसत नाहीत, त्यामुळे महिना न पाहता बसणं पाहा. चौकट रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची असते. त्यात ८ किलोचं बाळ आणि चार किलो सामान घातलं की १५ किलो होतात, आणि हे वजन पाठीच्या बरंच वर असतं. म्हणून तोल लवकर जातो. बुटाची नाडी बांधायला कमरेतून वाकलात तर बाळ तुमच्या डोक्यावरून पुढे येतं; नेहमी गुडघ्यात वाकायचं. बाळाचं डोकं तुमच्या डोक्याच्या बरोबरीला किंवा वर असतं, त्यामुळे तुम्ही ज्या फांदीखालून सहज जाता ती फांदी त्याच्या कपाळाला लागते. चौकटीला खाली उभं करण्यासाठी पाय असतो, पण बाळ आत असताना उतारावर, बाकावर किंवा टेबलावर ती कधीही ठेवू नका. सपाट जमिनीवरसुद्धा एक हात चौकटीवरच असू द्या.

थंड दिवसात आणि दीड तासाच्या आतल्या चालीला या वयात मी कापडी कॅरिअरच सुचवते. बाळ छातीशी असतं, तुमची ऊब त्याला मिळते, चेहरा डोळ्यांसमोर राहतो. बांधताना एवढं पाहा: मान खाली घातली की कपाळाचा पापा घेता यावा, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं मावावीत, नाक-तोंड कापडाने झाकलेलं नसावं, आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळून गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असावेत. दोन्ही प्रकारांत पाय लोंबकळत ठेवू नका. मांडीच्या आतल्या बाजूला पट्टा रुतला की रक्तपुरवठा कमी होतो, पाय हलत नाहीत, आणि थंडीत सगळ्यात आधी पावलं गारठतात. चौकटीच्या कॅरिअरला पायांसाठी रिकिबी असतात. त्या दर महिन्याला सरकवाव्या लागतात. विसरल्या जातात त्या हमखास याच.

बाळ कॅरिअरमध्ये झोपलं की मान पुढे पडते आणि हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते. चौकट पाठीवर असल्याने वाहणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने मागून चालायचं. एकटेच असाल तर हातातल्या छोट्या आरशात दर पाच मिनिटांनी पाहा. मान पडलेली दिसली तर थांबून सरळ करा, नाहीतर बाळाला बाहेर काढून सपाट जागी झोपवा.

आता कपडे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उभ्या-उभ्या तुम्हाला जेवढे थर पुरतात त्यापेक्षा बाळाला एक जास्त, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. त्यातला शब्द 'उभ्या-उभ्या' असा आहे. चढावर तुम्ही एका शर्टावर आलेले असता, तेव्हा चौकटीत बसलेल्या बाळाला त्यापेक्षा दोन, कधी तीन थर जास्त लागतात. छातीशी बांधलेल्या बाळाचं उलट आहे: तुमचं अंग आणि कॅरिअरचं कापड हे दोन थर तुम्ही आधीच घातलेले असतात. त्यावर जाड कोट चढवला तर बाळ आत उकडून निघतं, आणि कोटाच्या फुगवट्यामुळे बांधणीही सैल पडते. गाडीतल्या सीटच्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे. जाड कोट काढून पट्टे आवळायचे आणि वरून पांघरूण टाकायचं.

तपासायचं कसं? हात-पाय पाहून काही ठरवू नका. या वयात ते एरवीही गारच असतात. स्वतःचा हात आधी काखेत गरम करा, मग दोन बोटं बाळाच्या मानेमागून कॉलरच्या आत, दोन खांद्यांच्या मधोमध घाला. उबदार आणि कोरडं लागलं तर ठीक. ओलसर लागलं तर एक थर लगेच काढा, कारण तो घाम वारा लागताच बाळाला गारठवतो. थंड लागलं तर तिथेच थांबा, वाऱ्याच्या आड जा, बाळाला काढून स्वतःच्या जॅकेटच्या आत कातडीशी धरा, मग कपडे वाढवा. आधी कपडे वाढवून भागत नाही, कारण कपडे ऊब टिकवतात, तयार करत नाहीत. चालताना हे दर २० मिनिटांनी करायचं. गारठलेलं बाळ रडेलच असं नाही. ते शांत होतं, मलूल होतं, रडणं क्षीण होतं, आणि आई-बापांना वाटतं, छान झोपलं. पाठीवरचं बाळ नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच गप्प झालं तर हात घालून पाहाच.

हवामानाचा अंदाज बघताना दोन आकडे हाताशी ठेवा. दर १,००० मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वाऱ्याने ते आणखी कमी भासतं: १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला साडेसहा अंशांसारखं वाटतं. गावात १५ अंश म्हणून निघालात आणि ८०० मीटर वर खिंडीत वारा लागला, तर बाळासाठी तिथली हवा ५-६ अंशांची झाली. थर लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. सुती कपडा भिजला की लवकर सुकत नाही. एक पूर्ण कोरडा जोड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, पिशवी सगळ्यात वर. तो वापरला गेला की तो दिवस संपला, परत फिरायचं.

उन्हाचं थोडक्यात सांगते. दर १,००० मीटरला अतिनील किरणांचा जोर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइडचं, ३० किंवा जास्त एसपीएफचं मलम चालतं. त्याआधी सावली आणि कपडे यांवरच भर. कॅरिअरवर छत्र असलं तरी त्यावर दुपटं टाकून बाळ पूर्ण झाकू नका, आत हवा तापते आणि खेळती राहत नाही.

उंचीबाबत मी सावध आहे. या वयाच्या बाळासह २,५०० मीटरच्या वर झोपू नये, असंच मी सांगते. विरळ हवेचा त्रास पोहोचल्यावर काही तासांनी सुरू होतो, आणि बोलता न येणाऱ्या बाळात तो फक्त किरकिर, दूध नाकारणं, उलटी आणि तुटक झोप असा दिसतो. दात येतानाही किरकिर आणि तुटक झोप दिसते. कारण शोधत बसायचं नाही. उंचावर असाल तर उंचीच कारण धरून खाली उतरायचं. केबल कारने किंवा घाटरस्त्याने उतरताना बाळाला पाजत राहा, गिळण्याने कान मोकळे होतात.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट ६ किलोमीटरची आणि चढ ३०० मीटरचा. चालीचे ७२ मिनिटं, चढाची ३०, मिळून एक तास ४२ मिनिटं. बाळासह याची दीडपट करा, म्हणजे सुमारे अडीच तास. त्यात थांबे मिळवा. दर तासाने दहा मिनिटं, आणि दीड तासांनी अर्धा तासाचा मोठा थांबा, ज्यात बाळ कॅरिअरबाहेर येऊन मॅटवर पालथं पडेल, पाय झाडेल, डायपर बदलला जाईल. एकूण साडेतीन तास झाले. तुमची 'तीन तासांची चाल' वाटेवरच्या पाटीवरून घेतली असेल तर ती पाच-सहा तासांची निघेल. या वयाच्या बाळाला एका दिवसात तेवढं कॅरिअरमध्ये ठेवू नये.

निघण्याची वेळ बाळाच्या झोपेला जुळवा. सकाळी उठल्यावर साधारण दोन तासांनी पहिली डुलकी येते. त्याच्या जरा आधी चालायला लागलं की पहिला तास झोपेत जातो. जागेपणी बाळाला थांबे हवे असतात, झोपेत तुम्हाला अंतर कापता येतं.

दूध आणि खाणं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं सगळं सोपं असतं, फक्त आईच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब वेगळा धरा. चढ आणि पाजणं दोन्ही एकदम चालू असताना दिवसाला एक लिटर जादा बाळगा. काढून घेतलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास, आणि बर्फाच्या गोठवलेल्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास टिकतं.

फॉर्म्युलाची भुकटी निर्जंतुक नसते, हे अनेकांना माहीत नसतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवायला सांगते. भुकटीतले जंतू त्या उष्णतेने मरतात. थर्मासमधल्या कोमट पाण्यात कालवली की हा उद्देशच संपतो. वाटेत करायचं तर असं: घरी उकळतं पाणी काठोकाठ भरलेल्या थर्मासमध्ये, भुकटी प्रत्येक पाजण्याची मोजून वेगळ्या कोरड्या डबीत. थांब्यावर गरम पाण्यात कालवा, बाटली बंद करून बाहेरून थंड पाण्यात धरा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. तुमचा थर्मास किती तास ७० अंशांच्या वर राहतो हे घरी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने एकदा मोजून ठेवा. अर्धा भरलेला थर्मास फार लवकर निवतो. तयार दूध दोन तासांत वापरायचं, तोंड लावलेली बाटली तासाभरात संपवायची, उरलेलं टाकायचं. एका दिवसापुरता सीलबंद, तयार द्रव फॉर्म्युला मिळत असेल तर तोच घ्या. वजन वाढतं, पण ही सगळी उठाठेव वाचते.

झऱ्याचं पाणी बाळासाठी उकळूनच घ्या: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश. ३,००० मीटरवर ते ९० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे फॉर्म्युलासाठी तरीही पुरेसं गरम असतं.

वरचं खाणं नेहमी खाली बसवून, समोरासमोर भरवा. चालता चालता पाठीवरच्या बाळाच्या हातात बिस्कीट किंवा फळाची फोड देऊ नका. घशात अडकलं तर आवाज येत नाही आणि तुम्हाला मागचं दिसत नाही. पहिल्या वर्षात मध अजिबात नाही. आणि नवा पदार्थ डोंगरात पहिल्यांदा देऊ नका, पुरळ उठलं तर दवाखाना दूर असतो.

डायपर दिवसाला सहा ते आठ धरा, वर चार जादा. अन्न संपेल तसं पाठीवरचं ओझं हलकं होतं, डायपरचं उलट असतं. भरलेला डायपर सुक्याच्या कित्येक पट जड होतो आणि तो परत आणावाच लागतो. पुरायचा नाही, जाळायचा नाही. दुहेरी पिशवीत, वर गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पोत्यात ठेवा. धुणं-पुसणं ओढ्यापासून ६० मीटर लांब. हात साबणाने धुवा, कारण पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

रात्र. इथे माझं मत ठाम आहे. तंबूतसुद्धा बाळाच्या झोपेचे घरचे नियम तसेच लागू राहतात: पाठीवर उताणं, सपाट आणि घट्ट पृष्ठभाग, स्वतःची वेगळी जागा, उशी नाही, सुटं पांघरूण नाही. हवा भरायची मऊ गादी बाळाला चालत नाही; बाळ लवंडून तोंड त्यात रुतू शकतं. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये त्याला आत घेऊन झोपू नका, कितीही थंडी असली तरी. बाळासाठी बंद पेशींच्या (पाणी न मुरणाऱ्या, घट्ट) फोमच्या दोन मॅट एकावर एक टाका, कारण रात्री ऊब हवेपेक्षा जमीन जास्त ओढून घेते. त्यावर ताणून बसवलेली पातळ चादर. बाळाच्या अंगात हात बाहेर राहणारी, गळ्याशी बेताची झोपण्याची बॅग. तिच्यावर टॉग आकडा, म्हणजे ती किती ऊब धरते याचं माप, छापलेला असतो: १६ ते २० अंशांना अडीच, त्याखाली साडेतीन. आत लोकरीचे एक-दोन थर. टोपीची पट्टी घसरून नाकावर येईल अशी टोपी किंवा हुडी रात्री घालू नका.

तंबू चार माणसांचा घ्या, तिघांसाठी. बाळाची मॅट तंबूच्या भिंतीपासून वीतभर आत हवी, कारण पहाटे भिंतीवर दव साठतं आणि टेकलेली बॅग भिजते. वरची झरोक्यांची जाळी उघडी ठेवा, कितीही मोह झाला तरी. आणि स्टोव्ह, शेगडी, विझत आलेले कोळसे तंबूत किंवा तंबूच्या ओसरीत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निवत आलेल्या शेगडीने झोपेत माणसं गेली आहेत.

छोटं थर्मामीटर बाळाच्या मॅटजवळ टांगा. रात्रीचं किमान तापमान १० अंशांच्या खाली जाणार असेल, तर पहिल्या वर्षात मी तंबू सुचवत नाही. खोली किंवा झोपडी घ्या. रात्री दोनदा गजर लावून मानेमागे हात घालून पाहा. पहाटे चार ते सहा हा सगळ्यात गार वेळ, त्यातला एक गजर तेव्हाचा ठेवा.

गवताळ आणि जंगली भागात संध्याकाळी डायपर बदलताना गोचिडी शोधा: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, डायपरच्या कडेखाली. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडी, मलम काही लावू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल वळसा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

इथवरचं एका दमात: बाळ बसतं का ते पाहून कॅरिअर, मानेमागे हात दर २० मिनिटांनी, पाटीवरच्या वेळेच्या जवळपास दुप्पट वेळ, खाणं फक्त बसून, रात्री वेगळी घट्ट जागा आणि १० अंशांची मर्यादा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी औषधांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो कळकळीने सांगते. पॅरासिटामॉलला काही देशांत असिटामिनोफेन म्हणतात, औषध तेच. पण बाटलीतली तीव्रता वेगवेगळी असते. एका बाटलीत दर मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम, तर दुसरीत दर ५ मिलिलीटरला १२०, म्हणजे मिलिलीटरला फक्त २४. सर्वसाधारण मात्रा वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या ८ किलोच्या बाळाला कमाल १२० मिलिग्रॅम धरले, तर पहिल्या बाटलीतून ते १.२ मिलिलीटर होतात, दुसरीतून ५. मायदेशातून आणलेली थेंबांची बाटली आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेले '५ मिलिलीटर' एकत्र आले, तर चौपटीहून जास्त औषध पोटात जाईल. म्हणून प्रवासात एकच बाटली न्या, मात्रा तिथल्या डॉक्टरांकडून मिलिलीटरमध्ये ठरवून घ्या, ती चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा आणि मोजायची सिरिंज रबराने तिलाच बांधा. ओआरएसचंही तसंच आहे: काही पुड्या एक लिटरच्या, काही २०० मिलिलीटरच्या. पुडीवर वाचा आणि तेवढंच पाणी घ्या.

निघण्याआधी तिथल्या आपत्कालीन सेवेचा क्रमांक फोनमध्ये हवा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत तो ११२ आहे. आपलं ठिकाण अक्षांश-रेखांशात कसं वाचायचं याचा सराव घरी करा, आणि तिथल्या भाषेतली तीन वाक्यं कागदावर उतरवून ठेवा: बाळ किती महिन्यांचं, काय झालं, आम्ही कुठे आहोत. आरोग्य विम्यात डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर धरलेलं आहे का, ते लेखी विचारा. नातलग जवळ नसले तरी एक शेजारी किंवा सहकारी असा ठरवा, ज्याला वाट, गाडीचा क्रमांक आणि 'एवढ्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव' अशी वेळ दिलेली असेल. आजी-आजोबांना रोज फोटो पाठवालच, पण हे काम वाट ओळखणाऱ्या जवळच्या माणसाचं आहे. वाटेत देशाची सीमा ओलांडत असाल तर बाळाचं पारपत्र बरोबर हवं, आणि गोवराच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा; परदेशप्रवासाआधी सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला कधी कधी तिचा एक डोस लवकर देतात.

परत कधी फिरायचं, हे घरीच लिहून ठेवा, कारण डोंगरात गेल्यावर 'अजून थोडं' हेच सुचतं. मी पालकांना देते त्या अटी अशा: सलग दोन वेळा दूध नाकारलं; सहा तासांत डायपर ओला झाला नाही; ताप ३८ अंशांवर गेला; कोरडा जोड वापरला गेला; ठरलेला निम्मा वेळ संपला आणि मुक्काम दिसत नाही. यातली एक जरी घडली तरी वळायचं. आणि दोघांपैकी एकाने 'परत जाऊ या' म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, श्वास भराभर किंवा कण्हत, असं दिसलं तर चालत खाली यायचा विचार न करता सरळ मदत बोलवा.

आता तुमच्या बेताचं. पहिले दोन-तीन शनिवार तासाभराची सपाट वाट, कापडी कॅरिअरमधून. मग चौकटीचं कॅरिअर भाड्याने घेऊन दोन तास, थोडा चढ. चौकट विकत घेण्याआधी दोघांनीही ती भरलेल्या वजनासह पाठीवर घेऊन पाहा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसतो का, हे दोघांच्या उंचीला वेगळं असतं. तंबूतली पहिली रात्र घराच्या अंगणात किंवा जिथे गाडी शेजारी उभी राहते अशा तळावर, फक्त एक. त्या रात्रीचं किमान तापमान, बाळाने घातलेले थर, किती वेळा उठलं, किती वेळा प्यायलं, हे वहीत टिपा. दुसरी रात्र त्याच तळावर, दोन आठवड्यांनी, वहीप्रमाणे थर बदलून. दोन्ही रात्री नीट गेल्या की गाडीपासून पाऊण तासावरचा तळ निवडा. पाटीवर तीन तास लिहिलेली जागा पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवा. तेव्हा बाळ दीड वर्षांचं असेल, थांब्यावर स्वतःच्या पायांनी फिरेल आणि थंडी वाजते हे हात ओढून सांगेल. पण वजनही ११ किलोंच्या आसपास गेलेलं असेल, म्हणून चौकट निवडताना तिची कमाल वजनमर्यादा सामानासकट पाहून घ्या.